किल्ली कुणी दिली?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात गाडीची किल्ली पडते. संध्याकाळी कुठल्याही शहरात क्लास सुटताना उभे राहून पाहा. मिसरूडही न फुटलेली पोरे, एका स्कूटरवर तिघे, हेल्मेट असलेच तर कोपराला अडकवलेले. कधी मागच्या सीटवर खुद्द आई बसलेली असते. "आमचा सहावीपासून चालवतो हो," असे ती कौतुकाने सांगते. ज्याची लाज वाटायला हवी त्याचा अभिमान मिरवणारा समाज मुलांचे रक्षण काय करणार?

कायदा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा अठरा वर्षांची अट घालतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. आपण मुलांना देतो त्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजारांचा दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द अशी शिक्षा ठेवली. त्या मुलालाही पंचविशीपर्यंत परवाना नाही. पण पोलिसाने गाडी अडवली की बाप आधी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतो. मुलगा ते पाहतो, आणि नियम आपल्यासाठी नसतात हा धडा गिरवतो.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांत त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक खवळले, तो आदेश फिरवावा लागला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आपण सारे संतापलो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच घरातली किल्ली मुलाच्या हाती ठेवली. श्रीमंताच्या मोटारीवर चिडायचे आणि आपल्या स्कूटरकडे डोळेझाक करायची, हा कुठला न्याय?

न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना पायरीपायरीने द्यायला सुरुवात केली. आधी अनुभवी चालक शेजारी बसवून शिकायचे. मग एकट्याने चालवायचे, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही, आणि मित्रांना घेऊनही नाही. त्यानंतर पूर्ण परवाना. कारण साधे आहे: कोवळा चालक, रात्रीची वेळ आणि गाडीत मित्र, हे तिन्ही एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो. पुढे अमेरिकेच्या राज्यांनीही ही वाट धरली आणि कोवळ्या चालकांचे अपघात घटले.

आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मधल्या काळात परवानाधारक माणूस शेजारी हवा, हा नियम कागदावरच राहतो. चाचणीचे पाहायला एजंट असतोच. पक्का परवाना हाती पडला की रात्र, मित्र, महामार्ग, सारे एकदम मोकळे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. तरी प्रत्येक मृत्यूवर आपले उत्तर ठरलेले: नशिबात होते!

सरकारने पायरीचा परवाना आणावा. महाविद्यालयांनी परवाना पाहिल्याशिवाय आवारात गाडी घेऊ नये. क्लासवाल्यांनी मुलांच्या येण्याजाण्याची, बसच्या वेळांची फिकीर करावी. पण पहिली चौकी घराच्या उंबऱ्यावर आहे, आणि तिथला शिपाई तुम्ही-आम्ही आहोत. मुलगा रुसेल, शेजारच्याकडे आहे म्हणेल, दोन दिवस जेवणार नाही. रुसू द्या. त्याला "अजून नाही" असे सांगण्याची हिंमत ज्या घरात नाही, त्या घराने रस्त्यावरच्या मरणाला नशीब म्हणण्याचा हक्क गमावला आहे.