नवखेपणा म्हणजे अपात्रता नव्हे


पुरोगामी विचारांच्या नवख्यांनी थेट संसदेची निवडणूक लढवणे हा पोरखेळ आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मुळीच पटले नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात २८ वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ प्रथमच उभ्या राहिल्या. डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढतीत समोर होते १९९९ पासूनचे खासदार जो क्रॉली. कंपन्यांचा निधी नाकारून त्या दारोदार फिरल्या. बुटांच्या तळव्यांना भोके पडली. क्रॉलींनी एका वादसभेला स्वतःऐवजी प्रतिनिधी धाडला. ओकासिओ-कोर्तेझ सुमारे ५७ टक्के मते घेऊन जिंकल्या. उमेदवाराचा अनुभव जरूर पाहावा. पण मतदारांच्या उंबरठ्यावर कोण येते, हे त्याआधी पाहावे.

– एक वाचक, सांगली