पगारपत्रक नसलेल्यांचे घर

खेड्यातील गवंड्याने स्वतःचे घर बांधण्यासाठी बँकेकडे कर्ज मागितले, तर बँक दोन कागद मागते : पगारपत्रक आणि जागेच्या मालकीचा निर्वेध दाखला. पहिला त्याच्यापाशी असणे शक्यच नाही. दुसऱ्याचे म्हणाल, तर गावठाणातील बहुतेक घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठच्या उताऱ्याचाच आधार. आणि तो करआकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हे स्वागतार्हच. परंतु पगारपत्रकाचा अडसर त्यामुळे हटत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण भागासाठीचे मूळ अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार रुपये. २०१६ साली ठरलेली ही रक्कम २०२४ साली योजनेची मुदत वाढवितानाही तेवढीच राहिली. दरम्यान सिमेंट, लोखंड आणि वाळू यांचे काय झाले, हे त्या गवंड्याहून अधिक कोण जाणतो? योजनेत ७० हजारांपर्यंतच्या कर्जाचीही तरतूद आहे. पण तेही पुन्हा बँकेच्याच दारातून यायचे.

१९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते पत कागदावर नव्हे तर श्रमावर मोजली जावी या अपेक्षेने. आज सरकारी बँकेने परत पाठविलेला माणूस खाजगी गृहवित्त कंपनीकडे जातो. तिचा माणूस टपरीवर येतो, गिऱ्हाईक पाहतो, उधारीची वही चाळतो आणि कमाईचा अंदाज बांधतो. कर्ज मिळते, पण व्याज कितीतरी चढे. आणि हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये, न्यायालयात दावा न लावताही, घरावर टाच येऊ शकते. म्हणजे अनियमित उत्पन्न मोजता येत नाही, ही सबब खोटी आहे. खाजगी कंपनीला नफ्यासाठी जे जमते, ते सार्वजनिक बँकेला लोकांसाठी का जमू नये?

पीककर्जाची फेड सुगीनंतर घ्यावी, हे बँकांना उमगते. मग पावसाळ्यात काम थंडावणाऱ्या गवंड्याकडून, दिवाळीवर वर्ष काढणाऱ्या कुंभाराकडून श्रावणातही तोच हप्ता का? आमची मागणी साधी आहे : घरकर्जाचे हप्ते धंद्याच्या हंगामानुसार बांधावेत, बचत गटातील परतफेडीची नोंद पुरावा म्हणून स्वीकारावी आणि बुडिताचा काही भार शासनाने उचलावा. राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे पुढील बैठकीत जिल्हावार आकडे यावेत : पगारपत्रक नसलेल्या किती अर्जदारांना ग्रामीण शाखांनी घरकर्ज दिले, आणि कितींना दारातूनच परत पाठविले?