परक्यांचें सुतक

गेल्या महिन्यांत परभणींतील एका सुशिक्षित स्नेह्यांकडे आम्ही पाहुणचारास गेलों असतां त्यांच्या बारा वर्षांच्या चिरंजिवांनीं आम्हांस 'टायटॅनिक' बोटीचें समग्र चरित्र न अडखळतां ऐकविलें. ती बेलफास्टच्या कारखान्यांत बांधली, तिला चार धुरांडीं होतीं, लांबी ८८२ फूट. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं ती हिमनगावर आदळली व पुढें पावणेतीन तासांच्या आंत तळास गेली. मुलाची स्मरणशक्ति वाखाणण्यासारखी होती व आईबापांच्या मुद्रेवरचें कौतुकही योग्यच होतें. आम्हीं सहज विचारलें, "बाळ, 'रामदास'विषयीं कांहीं ठाऊक आहे काय?" मुलगा क्षणभर घोटाळला व म्हणाला, "रामदास? म्हणजे समर्थ ना?" वडिलांनीं त्यास सांवरून घेतलें : "कोंकणांतली एखादी लाँच बुडाली असेल. तिकडे तें नेहमींचेंच आहे."

मुलाच्या उत्तराचें आम्हांस हंसूं आलें. वडिलांच्या उत्तराचें मात्र आलें नाहीं. 'तिकडे तें नेहमींचेंच आहे' या एका वाक्यांत आमच्या सुशिक्षित समाजाची सारी वृत्ति सांठविलेली आहे. त्या वृत्तीशींच आज आमचें भांडण आहे.

प्रथम हकीकत सांगणें भाग आहे, कारण ती ठाऊक नसणें हाच या खटल्यांतील पहिला पुरावा होय. १७ जुलै १९४७ हा दिवस आषाढी अमावास्येच्या सुमाराचा. पावसाळा ऐन भरांत होता. मुंबईंत पोटासाठीं राबणारीं कोंकणांतील शेंकडों माणसें गांवीं जावयास निघालीं होतीं. सकाळीं आठाच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. प्रवास कितीसा? अवघा दीड तासाचा. पण धक्का सोडून पुरता तासही झाला नसेल, तोंच काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनीं बोट एका अंगास कलली, घाबरलेले उतारू एका बाजूकडून दुसरीकडे धांवले, आणि बोट उलटली. मृतांचा आंकडा सहाशेंच्या वर गेला. वांचले ते अडीचशेंच्या आंत. जीवरक्षक पट्टे पुरेसे नव्हते. बिनतारी संदेशाचें यंत्र तर बोटीवर नव्हतेंच. त्यामुळें मुंबईसारख्या शहराच्या दाराशीं सहाशें माणसें बुडालीं, तरी त्या शहरास त्याची गंधवार्ता कांहीं तास नव्हती. लाटांबरोबर वाहत गेलेला एक लहान मुलगा किनाऱ्यास लागला, तेव्हां कोठें ती फुटली. जे वांचले त्यांतील अनेकांस रेवसकडच्या कोळ्यांनीं वांचविलें. विक्रीस नेत असलेली मासळी समुद्रांत लोटून देऊन त्यांनीं आपल्या होड्यांत माणसें भरून घेतलीं. दिवसाच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या माणसांनीं हें केलें, हें विसरूं नये.

आतां आमच्या स्नेह्यांसारखे वाचक जे आक्षेप घेतील, त्यांचा क्रमाक्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, कोठें महासागर ओलांडणारी ती प्रचंड नौका आणि कोठें ही खाडीवरची बोट! तुलनाच अप्रशस्त आहे. आम्ही विचारतों, तुलना बोटींच्या लांबीची करावयाची कीं प्रेतांची? 'टायटॅनिक'वर सुमारें २,२०० माणसें होतीं व त्यांतील सुमारें १,५०० गेलीं. म्हणजे दर तिघांत दोन. 'रामदास'वरचें मृत्यूचें प्रमाण त्याहून कांकणभर अधिकच भरतें. फरक आहे तो निराळाच. त्या नौकेवर कोट्यधीश होते, त्यांच्या रत्नांच्या व नोकरचाकरांच्या कथा होत्या. या बोटीवर गिरणींतले कामगार व माहेरीं निघालेल्या लेंकुरवाळ्या होत्या. आणि ही दृष्टि केवळ आमचीच आहे असेंही नव्हे. १९८७ सालच्या डिसेंबरांत फिलिपाइन्सच्या बेटांमध्यें 'डोन्या पाझ' नांवाची बोट तेलवाहू जहाजाशीं टक्कर होऊन जळाली व बुडाली. चार हजारांहून अधिक माणसें गेलीं. शांततेच्या काळांतील याहून मोठा जलापघात नाहीं. तिचें नांव आमच्या वाचकांपैकीं कितीजणांनीं ऐकलें आहे? गरीब माणूस बुडाला कीं त्याचा आंकडा होतो, श्रीमंत बुडाला कीं त्याची कादंबरी होते.

दुसरा आक्षेप दैववाद्यांचा. अमावास्येस समुद्रावर जाऊंच नये, तें नशिबींच होतें, सागर कोपला! हा युक्तिवाद फार सोयीचा आहे, कारण सागरावर खटला भरतां येत नाहीं व अमावास्येस साक्षीस बोलावितां येत नाहीं. परंतु वादळ हें दैव मानलें, तरी पट्ट्यांचा तुटवडा हें कोणतें दैव? यंत्र नसणें हा कोणत्या ग्रहाचा कोप? 'टायटॅनिक'वर जीवनौका २० होत्या, त्यांत जागा १,१७८ माणसांची. कायद्यानें मागितल्या होत्या त्याहून त्या अधिकच होत्या! म्हणजे कायदाच खोटा होता. पण तिच्यावर बिनतारी यंत्र होतें, म्हणून 'कार्पेथिया' धांवत येऊं शकली व सातशेंच्या आसपास जीव वांचले. त्या लोकांनीं हिमनगास शिव्याशाप देऊन स्वस्थता पत्करली नाहीं. अमेरिकेंत चौकशी झाली, इंग्लंडांत झाली, आणि १९१४ च्या जानेवारींत लंडनास राष्ट्रांनीं करार केला कीं प्रत्येक उतारूस जीवनौकेंत जागा असावी, बिनतारी यंत्रावर अहोरात्र पहारा असावा, हिमनगांवर गस्त असावी. शोक कसा करावा हें यावरून शिकावें. आम्हीं त्यांच्याकडून धुरांड्यांची संख्या घेतली. त्यांची चौकशी मात्र घेतली नाहीं.

येथें एक मर्म आहे, तें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. तो करार परदेशीं जाणाऱ्या जहाजांचा होता. मुंबईहून रेवसला जाणारा मनुष्य परदेशीं जात नाहीं, तो घरीं जातो. त्याच्या जिवाची काळजी त्याच्या घरच्यांनींच करावयाची असते. १९१२ नंतर पस्तीस वर्षांनीं, जगाच्या व्यापाराचें नाक म्हणविणाऱ्या बंदरांतून, पुरेसे पट्टे नसलेली व हांक मारण्यास कंठ नसलेली बोट भर पावसाळ्यांत भरून सुटते, याचा अर्थ इतकाच कीं तो धडा आमच्या घरीं पोंचलाच नव्हता. कोणा एका कंपनीवर खापर फोडून हातपाय धुण्याचा आमचा हेतु नाहीं. मागणारेच मुके असले म्हणजे देणारे बहिरे होतात.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. तो काळच तसा होता, असें म्हणतात. बोट बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, १८ जुलै १९४७ रोजीं, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यास ब्रिटिश राजाची संमति मिळाली. देशाची फाळणी डोक्यावर होती. आमचा परभणी जिल्हा तर निजामाच्या राज्यांत होता व त्याचें स्वातंत्र्य आणखी चौदा महिने दूर होतें. त्या धामधुमींत सहाशें प्रेतांची दाद लागली नाहीं, याबद्दल आम्ही त्या पिढीस दोष देत नाहीं. पण त्यानंतर पाऊणशें वर्षें उलटलीं, त्याचें काय? १८८८ सालीं कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' बोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला 'विजळी' म्हणत. त्या बोटीचीं गाणीं गुजराती माणसें अजून गातात. आमच्याकडे ओव्या आहेत, पोवाडे आहेत, लावण्या आहेत. 'रामदास'च्या वांट्यास यांतलें काय आलें? १९९७ सालीं 'टायटॅनिक'वर चित्रपट आला, तेव्हां आमच्याच आयाबहिणींनीं पदर भिजविले. रडूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परक्यांचें सुतक पाळावें, तो मोठेपणाच आहे; पण घरच्यांचें न पाळतां पाळलें, तर तो मोठेपणा नसून हौस होय.

शेवटचा आक्षेप आमच्या जिल्ह्याचा. समुद्र आम्हांपासून शेंकडों मैल दूर, आम्हांस त्याचें काय? त्यास उत्तर असें कीं, ज्या संताचें नांव त्या बोटीस होतें, त्याचें जन्मगांव जांब आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांत आहे. लग्नांत 'सावधान' हा शब्द ऐकतांच समर्थ बोहल्यावरून निघून गेले, ही कथा इकडे प्रत्येक आजी सांगते. त्यांच्या नांवाची बोट सावधपणाच्या साधनांवांचून समुद्रांत लोटली जावी व आम्हांस त्याची खंत वाटूं नये, हें केवढें नवल! शिवाय पाणी काय समुद्रांतच असतें? गोदावरी भरून वाहत असतां नावेंत 'आणखी चार बसूं द्या' म्हणणारे आम्हीच; वऱ्हाडाच्या टेंपोंत माणसें उभीं कोंबणारेही आम्हीच. 'रामदास' आमच्या दारावरून रोज जाते.

आणि हें जुनें झालें असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं १८ डिसेंबर २०२४ आठवावा. मुंबईच्या त्याच बंदरांत घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर चांचणी चाललेली नौदलाची वेगवान नौका आदळली व पंधरा जीव गेले. बोटींत परवान्याहून अधिक उतारू होते आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक पट्टे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पट्टे सक्तीचे झाले! सत्त्याहत्तर वर्षांपूर्वींचा धडा शिकण्यास आणखी पंधरा प्रेतांची गुरुदक्षिणा लागली.

आमचें मागणें थोडें आहे. ज्या घरांत 'टायटॅनिक'ची गोष्ट सांगितली जाते, त्या घरांत तिच्या शेजारीं 'रामदास'चीही सांगितली जावी. पाठ्यपुस्तकांत तिला एक पान मिळावें. कोळ्यांनीं समुद्रांत लोटलेल्या मासळीस त्यांत चार ओळी असाव्यात. आणि पुढच्या वेळीं होडींत पाय ठेवतांना सुशिक्षित मनुष्यानें लाज न बाळगतां विचारावें, "पट्टा कोठें आहे?" नावाडी हंसेल, सोबतचे हंसतील. हंसूं द्यावें.

निरोप घेतांना त्या चुणचुणीत मुलानें आम्हांस विचारलें, "त्या बोटीस धुरांडीं किती होतीं?" आम्ही म्हणालों, "बाळ, तें राहूं दे. पट्टे किती होते, तें विचार."