वीणेचा पहारा आणि देवळातील गर्दी

पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या लोटतात. या पर्वकाळी आमच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. देवालयांत माणसे अपार जमतात. त्यांचा मेळ जमतो काय?

पाणिनींच्या व्याकरणात पशूंच्या कळपास 'समज' आणि इतरांच्या मेळ्यास 'समाज' म्हटले आहे. अंतर काय ते एका काना-मात्रेचे! (मराठीने 'समज' शब्दाचा अर्थ पालटला, हे आपले भाग्य.) दर्शनबारीत तासन्‌तास तिष्ठणारा भाविक पुढच्याची पाठ तेवढी पाहतो, नावगाव पुसत नाही. देणगी देऊन झटपट दर्शन घेणारा ती पाठही पाहत नाही.

याउलट गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. सात दिवस वीणा भूमीस टेकवावयाची नाही, हा दंडक. वीणेकरी पाळीपाळीने बदलतो. वीणा देणारा आणि घेणारा परस्परांच्या पाया पडतात, मग एक बागाईतदार असो आणि दुसरा त्याचाच सालदार. भजनाचीही रीत तीच. एकाने चरण उचलावा, टाळकऱ्यांनी तो झेलावा, पखवाजाने लय सांभाळावी. गोड गळ्याचा पुढे होतो हे खरे. परंतु मागे उभे असलेल्यांनी साथ सोडली, तर मोठमोठ्या बुवांचेही कीर्तन कोसळते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या जॅझ वाद्यवृंदाची रीतही याहून फार निराळी नाही. ठरल्या चालीच्या चौकटीत एकेकाने पुढे यावे, मनाजोगते वाजवावे, इतरांनी ठेका धरावा आणि आपली पाळी सरताच त्याने मागे सरावे. १९४० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात हे संगीत गाजविणारे चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ. पुढे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला' (१९५१) चित्रपटात त्यांची साथ घेतली. गोव्याच्या त्या पिढीतील कित्येक वादकांस स्वरलिपी शिकविली ती चर्चच्या शाळांनी. लिहिलेले वाजविणे चर्चने शिकविले. दुसऱ्यास वाट देणे जॅझने. गुरूने शिष्याकडून चार गोष्टी उचलल्या तर चर्चला त्यात उणेपणा नाही, आणि सप्ताहाच्या मांडवाकडून शिकण्यात आमच्या देवळांनाही नाही.

मात्र पाळी कोणाची, हे दाराशीच ठरत असेल तर सारा मेळ बेसूर. नाशिककरांनी हे विसरू नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली श्रीकाळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. कित्येक वर्षे चालूनही ते दार उघडले नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

म्हणून आमची सूचना अशी: पंचवटीतील देवळांनी महिन्यातून एक अहोरात्र ध्वनिक्षेपक बंद ठेवावा आणि सभामंडपात वीणा उभी करावी. पहाऱ्याच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. त्यांत झाडूवाल्याचे, फुलवालीचे, यात्रेकरूचे नाव असावे. विश्वस्तांचेही असावे. पहाटे तीनचा पहारा फार जड जातो. तो त्यांनी चिठ्ठीवाचूनच मागून घेतला तर उत्तम.