न बोलणारे गुरुजी



हिवाळा लागला की नंदुरबारच्या परिसरात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. बाहेरगावचा माणूस तिथे येताच त्याच्या नाकाला झिणझिण्या येतात आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनकक्षात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचीही अशीच अवस्था होते. तिथे दरवळ असतो तो फॉर्मलिनचा. चार-आठ दिवसांत त्या वासाची सवय होते. पण पहिल्या दिवशी डोळ्यांत आलेले पाणी सर्वस्वी फॉर्मलिनमुळेच असते, असे मात्र नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलामुलींपैकी अनेकांनी मृत्यू इतक्या जवळून त्यापूर्वी पाहिलेला नसतो.

हा विषय आज काढण्याचे कारण म्हणजे शहादा परिसरातील एका वाचक भगिनीचा प्रश्न. त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या यजमानांनी देहदानाचा अर्ज भरला आहे. मुलांना ते मान्य नाही. ‘बाबांच्या देहाची विटंबना होईल,’ असे ती म्हणतात. ‘तिथे नेमके काय होते, हे मला कुणी नीट सांगतच नाही,’ असे या बाईंचे म्हणणे आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू झाल्यावर पोलिसांच्या सांगण्यावरून जे शवविच्छेदन होते, ते वेगळे. तिथे मृत्यूचे कारण शोधायचे असते आणि काही तासांत देह नातेवाइकांच्या ताब्यात मिळतो. शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी दिलेला देह मात्र शिकवण्यासाठीच राखला जातो. मांडीतील किंवा मानेतील मोठ्या धमनीवाटे त्यात फॉर्मलिनयुक्त द्रावण सोडतात. त्यामुळे कुजण्याची क्रिया थांबते, स्नायू व अवयव घट्ट होतात आणि देह दीर्घकाळ टिकतो. देहाची ओळख गुप्त राखली जाते; विद्यार्थ्यांना नाव-गाव सांगितले जात नाही.

त्यानंतर विद्यार्थ्यांचा एक गट वर्षभर त्या देहापाशी शिकतो. साधारण दहा विद्यार्थ्यांमागे एक देह असावा, असा संकेत आहे. हात, पाय, छाती, पोट, डोके व मान अशा क्रमाने एकेक भाग उलगडला जातो. पुस्तकातील चित्रांत धमनी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. प्रत्यक्षात सारे एकाच फिकट तपकिरी रंगाचे दिसते. कोणती दोरी धमनीची आणि कोणती मज्जातंतूची, हे बोटांनी चाचपून, ती कुठून निघाली व कुठे पोहोचली याचा माग काढूनच ओळखावे लागते. संगणकाच्या पडद्यावर शरीराची उत्तम त्रिमिती चित्रे आता दिसतात. पण त्यांना स्पर्श नाही, आणि ती सगळी एकसारखी असतात. माणसे तशी नसतात. मनगटाजवळील एक बारीक स्नायू कित्येकांना जन्मतःच नसतो. पित्ताशयाची धमनी प्रत्येकात ठरलेल्या जागीच सापडेल, याची खात्री नसते. पुढे शस्त्रक्रिया करताना हा धडा रुग्णाचे प्राण वाचवतो.

2019 पासून देशभर लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात ‘शव हा आपला पहिला गुरू’ अशा अर्थाचा स्वतंत्र पाठच आहे. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी देहापुढे उभे राहून शपथ घेतात : या देहाचा मान राखू, त्याची थट्टा करणार नाही, त्याचे छायाचित्र काढणार नाही. वर्गात गलका करणारी मुले त्या क्षणी अगदी गप्प असतात.

आता ज्येष्ठ वाचकांसाठी एक मनापासूनची गोष्ट. ‘माझे म्हातारे, झिजलेले शरीर कुणाच्या काय उपयोगाचे?’ असे आपण म्हणता. वस्तुस्थिती उलट आहे. देहदानाला वयाची कमाल मर्यादा नाही आणि वृद्ध देह हे फार समृद्ध पाठ्यपुस्तक असते. धमनीच्या भिंतीत साठलेला चुना बोटाला कडक लागतो, तेव्हा रक्तवाहिन्या कठीण होणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला व्याख्यानाविना कळते. पाठीच्या मणक्यांवर वाढलेले हाडांचे काटे त्याला जवळजवळ प्रत्येक वृद्ध देहात दिसतात. मग उद्या आपल्या क्ष-किरण चित्रात ‘मणक्यांची झीज’ पाहून तो आपणास उगाच घाबरवत नाही. केस पिकावेत तशी मणक्यांची बरीचशी झीज वयाबरोबर येतेच आणि प्रत्येक झीज दुखतेच असे नाही, हे त्याने स्वतः पाहिलेले असते.

मांडीच्या हाडाचे उदाहरण घ्या. त्याचा वरचा गोल भाग खुब्याच्या खोबणीत बसतो. त्या गोलाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या हाडाच्या मानेला बिलगून वर चढतात. न्हाणीघरात घसरून आजींच्या हाडाची मान मोडली की या धमन्या तुटतात आणि मोडलेले हाड जुळणे अवघड होऊन बसते; कित्येकदा सांधाच बदलावा लागतो. सातपुड्याच्या गावांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही हाच गोल भाग निकामी होतो, तोही ऐन तारुण्यात. कारण तिथे विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकून रक्ताची वाट अडवतात. शहरातील आजी आणि अक्राणीच्या डोंगरातील तरुण यांच्या दुखण्याचे मूळ एकाच जागी आहे. ती जागा ज्याने हाताने चाचपली, तो डॉक्टर खुब्याच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणार नाही. नंदुरबारमध्ये 2020 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातच डॉक्टर घडू लागणे याचा अर्थ असा आहे.

घरी रुग्णसेवा करणाऱ्यांनाही याच शास्त्रातून दोन गोष्टी घेता येतील. श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे असते; घशात हवेची व अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. म्हणून रुग्णाला आडवे ठेवून कधीही भरवू नये. ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावी, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे. दुसरी गोष्ट अशी. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस थोडे खाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या लगेच खालून वळसा घालून पाऊल उचलणारा मज्जातंतू जातो आणि तिथे त्याच्यावर मांसाचे आच्छादन जवळजवळ नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा पाय सतत बाहेर कलंडलेला राहिला, तर या तंतूवर दाब येऊन पाऊल लुळे पडू शकते. पायाच्या बाहेरच्या बाजूस मऊ उशी द्यावी आणि दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड व टाचा यांनाही याच कारणाने जपावे. तिथे कातडी थेट हाडावर असते.

आता विटंबनेच्या प्रश्नाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवून ठेवावा आणि मग कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा, अशी पद्धत सांगितली आहे. पुढे ही परंपरा खंडित झाली. 1836 साली कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवाला शस्त्र लावले, तेव्हा समाजाचा मोठा रोष ओढवण्याचे भय होते. त्यानंतरच्या काळात महाविद्यालयांना देह मिळत गेले, ते मुख्यतः बेवारस माणसांचे. आपल्या राज्यात 1949 च्या शरीररचनाविषयक कायद्याने याला नियमांची चौकट दिली. पण थोडा विचार करा. पिढ्यान्पिढ्या आपले डॉक्टर ज्यांच्या देहावर शिकले, त्यांतील बहुतेकांना कुणी विचारलेही नव्हते. ज्यांना जिवंतपणी औषध मिळाले नाही, त्यांनीच आपणा सर्वांच्या औषधोपचाराची पायाभरणी केली. या पार्श्वभूमीवर जो माणूस पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या सहीने देह देतो, त्याच्या बाबतीत ‘विटंबना’ हा शब्द मला लागू वाटत नाही. नानाजी देशमुखांचे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातील कडोळी. 2010 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला.

तरीही मुलांचे दुःख खोटे नाही, आणि काही गोष्टी त्यांना आधीच माहीत असाव्यात. दिलेला देह सहसा कुटुंबाला परत मिळत नाही. अस्थी स्वच्छ करून पुढील वर्गांसाठी अनेक वर्षे जतन केल्या जाऊ शकतात. घरी अंत्यदर्शन घेता येते आणि धार्मिक विधी देहाविनाही करता येतात. या व्यवहारात कुणी कुणाला पैसे देत नाही.

व्यवहाराच्या बाबी अशा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातून अर्ज मिळतो. त्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांतील एक तरी जवळच्या नातेवाइकाची असावी. अर्ज भरला म्हणजे सारे झाले, असे समजू नये. मृत्यूनंतर देह पोहोचवायचा की नाही, हे व्यवहारतः घरच्यांच्याच हाती असते. त्यांचा विरोध असेल, तर महाविद्यालय देह स्वीकारत नाही. डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला लागतो. पोलीस प्रकरण, शवविच्छेदन झालेला देह किंवा एचआयव्ही, कावीळ ब यांसारखा संसर्ग असल्यास देह नाकारला जातो. तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नये. खानदेशातील उन्हाळा आणि घाटातील रस्ते ध्यानात घेता, आधी फोन करून शक्य तितक्या लवकर निघावे. नेत्रदानही करायचे असल्यास पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला लगेच कळवावे. डोळे साधारण चार ते सहा तासांच्या आत काढावे लागतात.

शहाद्याच्या भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. हा निर्णय मुलांना आपण समजावून सांगू नका. यजमानांनाच सांगू द्या. सगळे घरी असतील अशा एखाद्या संध्याकाळी त्यांनी शांतपणे आपले कारण सांगावे आणि मुलांचे ऐकूनही घ्यावे. मुलांना पटले नाही, तर ती प्रेमाची खूण समजून विषय थोडे दिवस बाजूला ठेवावा. पटले, तर अर्जाची एक प्रत आणि महाविद्यालयाचा दूरध्वनी क्रमांक औषधांच्या डब्यात ठेवावा. त्या घाईच्या दिवशी कपाटे उघडायला कुणाला सुचत नाही. औषधांचा डबा मात्र सर्वांना ठाऊक असतो.