ईलीचा अष्टकोन आणि जीर्णोद्धाराचा विवेक

प्राचीन वास्तू कोसळली किंवा कोसळण्याच्या बेताला आली म्हणजे तिचे पुढे काय करावे, या प्रश्नाला सामान्यतः दोनच उत्तरे दिली जातात: ती होती तशी पुन्हा उभारावी, नाहीतर पाडून तिच्या जागी नवी बांधावी. या दोहोंपलीकडे विचाराला किती मोठे क्षेत्र मोकळे आहे हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्याने केंब्रिजच्या उत्तरेस, एके काळी चहूबाजूंनी दलदलीने वेढलेल्या ईली या लहानशा गावी जाऊन तेथील कॅथीड्रल सावकाश पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

एथेलड्रेडा नावाच्या राजकन्येने इ. स. 673 मध्ये येथे मठ स्थापिला. आजची इमारत मात्र नॉर्मन विजयानंतर, 1083 मध्ये, मठाधिपती सिमियन याच्या कारकिर्दीत सुरू झाली. या सपाट, पाणथळ मुलखात बांधकामाचा उत्तम दगड नाही. तो बार्नॅकच्या खाणींतून जलमार्गाने आणावा लागला. पश्चिमद्वारातून आत पाऊल टाकताच दोन्ही बाजूंना एकावर एक अशा तीन मजल्यांनी चढत गेलेल्या अर्धवर्तुळाकार कमानींच्या रांगा दिसतात, आणि त्या भव्य, गंभीर, किंचित कठोर वाटणाऱ्या दालनातून पूर्वेकडे चालत गेले असता जेथे भिंती एकाएकी दूर सरकतात व वरून प्रकाशाचा लोट खाली उतरतो, तेथे ईलीचा जगद्विख्यात अष्टकोन सुरू होतो.

या अष्टकोनाचा जन्म एका अपघातातून झाला. 1322 च्या फेब्रुवारीतील एका रात्री इमारतीच्या मध्यभागी चार स्तंभांवर उभा असलेला दगडी मनोरा प्रचंड आवाज करीत खाली आला. मंदिराची इमारत व पूजासाहित्य यांचा कारभार तेव्हा अ‍ॅलन ऑफ वॉल्सिंगहॅम या संन्याशाकडे होता. त्याने त्याच चार ठिकाणी चार स्तंभ पुन्हा रचले असते, तर कोणीही त्याला दोष दिला नसता. परंतु जी जागा एकदा भार सोसू शकली नाही तिच्यावर तोच भार पुन्हा न घालता, त्याने तो बाहेरच्या बाजूस आठ बिंदूंवर विभागला आणि मुख्य दालन व त्याच्या दोन्ही बगला मिळून होणारी सारी रुंदी एका अवकाशात सामावून घेतली. सुमारे 70 फूट रुंदीच्या त्या पोकळीवर दगडी छत घालणे धोक्याचे होते, म्हणून राजाचा प्रमुख सुतार विल्यम हर्ली याला पाचारण करण्यात आले. आठ मुख्य खांबांसाठी प्रत्येकी सुमारे 63 फूट लांबीचे सरळ, निर्दोष ओक वृक्ष दूरदूर शोधण्यात आले, आणि दोन दशकांच्या परिश्रमांनी तो काष्ठमय ‘कंदील’, म्हणजे वरून प्रकाश खाली सोडणारा मनोरा, आकाशात उभा राहिला.

खाली उभे राहून वर पाहणाऱ्याला असे वाटते, की पंख्यासारख्या पसरलेल्या नाजूक फासळ्यांवर तो कंदील केवळ तरंगत आहे. वास्तविक त्या फासळ्या भार पेलीत नाहीत. भार पेलतात ती त्यांच्या मागे, दृष्टीआड, दगडी स्तंभांत रोवलेली तिरकी प्रचंड तुळवटे. सौंदर्य आणि बलविद्या यांची अशी एकात्मता ज्यांच्या हातून घडली, त्यांच्या कामाचा जमाखर्च मठाच्या दप्तरात लिहिला गेला आणि त्यातील बराचसा भाग आजही उपलब्ध आहे. लाकूड, शिसे, रंग व मजुरी यांच्या त्या नोंदी वाचताना ही कलाकृती दैवी चमत्कार नसून हिशेबी, जबाबदार माणसांच्या बुद्धीचे फळ आहे, याची खात्री पटते.

परंतु ईलीचा बोध येथेच संपत नाही. पश्चिम दर्शनी भागाची उत्तरेकडील बाजू पुढे कोसळली, आणि ती पुन्हा कधीच बांधण्यात आली नाही. आज तो दर्शनी भाग एकीकडे रिक्त असा उभा आहे व त्या रिक्ततेमुळे त्याच्या भव्यतेला यत्किंचितही उणेपणा येत नाही. तसेच 1321 मध्ये आरंभिलेले मेरीमातेचे प्रार्थनामंदिर पाहावे. त्याच्या भिंतींवर पुढे झुकलेल्या कमानी, पाने, फुले व असंख्य लहानमोठ्या मूर्ती कोरलेल्या आहेत. 1539 मध्ये मठ खालसा झाला, 1541 मध्ये बिशप गुडरिच याने प्रतिमाभंजनाचा हुकूम काढला, आणि त्या मूर्तींची मस्तके उडविण्यात आली. चित्रकाचाही गेल्या, म्हणून आता तेथे स्वच्छ पांढरा उजेड भरून राहतो. त्या मूर्तींना पुढच्या पिढ्यांनी नवी मस्तके बसविली नाहीत, हे मला फार मोठ्या मनाचे लक्षण वाटते. धर्माच्या नावाने माणसाने आपल्याच पूर्वजांच्या कलेवर काय आघात केले, याचा तो दगडी दाखला आहे, आणि दाखल्यात फेरफार करणे हा अपराधच होय.

एकोणिसाव्या शतकात, 1847 पासून, या कॅथीड्रलची दुरुस्ती वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्याकडे आली. अठराव्या शतकातील दुरुस्तीत कंदिलाचे बाह्य रूप पालटले होते. ते त्याने जुन्या खुणांच्या आधारे पूर्वपदावर आणण्याचा प्रयत्न केला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा व ग्रंथालय यांचा आराखडा याच स्कॉटचा. त्याने भारतात पाऊल ठेवले नाही, तरी प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून 1878 मध्ये पुरा झालेला तो मनोरा पाहताना ईलीच्या गॉथिक परंपरेशी आपले नाते अगदीच दूरचे नाही, हे ध्यानात येते. मात्र जुन्या वास्तूला तिचे पूर्वरूप नव्याने देण्याच्या स्कॉटच्या पद्धतीवर त्याच्या हयातीतच कठोर टीका झाली. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती या पद्धतीच्या निषेधातूनच, आणि नित्याची डागडुजी वेळच्या वेळी केली तर कृत्रिम पुनर्निर्मितीची गरजच पडत नाही, हे तिचे म्हणणे मला सर्वस्वी ग्राह्य वाटते.

म्हणून ज्यांच्या हाती आपल्याकडील जुनी देवळे, वाडे व सार्वजनिक इमारती आहेत, त्या विश्वस्तांना व अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. काळ्या पाषाणावर तैलरंग चढविण्यापूर्वी अथवा जुन्या फरशीवर चकचकीत लाद्या बसविण्यापूर्वी, हे का पडले, यातील काय खरोखर नवे करावे लागेल, कशाला केवळ आधार दिला म्हणजे पुरेल आणि काय आहे तसेच राहू द्यावे, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे त्यांनी द्यावीत आणि ती खर्चाच्या हिशेबासह सर्वांना पाहण्यास खुली ठेवावीत. मोठी देणगी मिळाली म्हणजे मोठे काम काढलेच पाहिजे, असा नियम नाही. अ‍ॅलनला नवे करण्याचा अधिकार होता, कारण जुने का टिकले नाही याचा विचार त्याने आधी केला होता. तो विचार ज्यांनी केलेला नाही, त्यांनी प्राचीन दगडाला हात लावू नये.