शाळा सरकारची, मूल आपलें

१८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें, रयतेच्या मुलांस निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत तसा हुकूम काढला, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या दंडाचा अर्थ आम्ही इतकाच समजतों कीं, मुलाच्या शिक्षणाची जोखीम आईबापांवरही आहे.

आज भुदरगड तालुक्यांत मूल सहा वर्षांचें झालें कीं त्याचें नांव पटावर चढतें. पण नांव घातलें म्हणजे आपलें काम संपलें, पुढें मास्तर पाहून घेतील, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ही समजूत घातक आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालली, तेथें शाळेंत चुकलेलें संध्याकाळीं घरीं सुधारतें. आपल्या घरीं तें तसेंच राहतें, आणि मूल चौथींत गेलें तरी भागाकाराला अडतें.

"आम्ही अडाणी, आम्हांस काय कळणार?" असें कोणी म्हणेल. सुताराचा मुलगा रंधा धरावयास पुस्तकावरून शिकला काय? बापानें शेजारीं बसवून रोज त्याचें काम पाहिलें, म्हणून शिकला. येथेंही तेंच करा. टीव्ही व मोबाईल बंद करून मुलास धडा मोठ्यानें वाचावयास सांगा; तें कोठें अडखळतें हें निरक्षर आईलाही ऐकूं येतें. वही उघडा, पान कोरें दिसलें तर शाळेंत जाऊन विचारा. भाताच्या लावणीसाठीं मुलास, धाकट्या भावंडासाठीं मुलीस घरीं ठेवूं नका. चार दिवसांचा खाडा पडला कीं गणिताची सांखळी तुटते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. हा हक्क नुसती सही ठोकून परतण्यासाठीं नाहीं. आम्हां शिक्षकांनींही सभा ऐन शेतकामाच्या वेळीं न ठेवतां दिवेलागणीस ठेवावी, आणि आलेल्या पालकास मानानें बसवून घ्यावें.

गारगोटींत मौनी विद्यापीठासारखी संस्था उभी आहे. पण ज्याला चौथींत नीट वाचतां येत नाहीं, त्याला तिचा काय उपयोग? पूर्वी विद्येचें दार दुसऱ्यांनीं आपल्यावर लावलें होतें. आतां तें उघडें असतां आपल्याच हयगयीनें लागलें, तर दोष कोणास द्यावयाचा?